घर तुमचं, पण तिथे राहतं कोण? अमेरिकेतल्या होमओनर्स पॉलिसीची वास्तव्याची अट आणि त्यावरून होणारे क्लेमचे वाद

पाइप फुटून बेसमेंट पाण्याने भरलं, क्लेम केला, आणि दोन महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं: नुकसान झालं त्या दिवशी तुम्ही या घरात राहत नव्हता, त्यामुळे भरपाई मिळणार नाही. हप्ता वेळेवर भरलेला असतो, घर तुमच्याच नावावर असतं, आणि तरीही अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हे उत्तर कोर्टात टिकतं. होमओनर्स पॉलिसी निव्वळ मालकीवर उभी नसते. तुम्ही त्या घरात राहता, हे तिने गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक मोडलं आणि कंपनीला कळवलं नाही, तर दहा वर्षांचे हप्तेही उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हे वारंवार घडतं. चार-पाच महिन्यांसाठी भारतात जाणं, एच-१बीवर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाणं, आईवडिलांना राहायला वेगळं घर घेणं, क्लोजिंगनंतर (घराची खरेदी पूर्ण झाल्यावर) मुहूर्तासाठी थांबणं, जुनं घर भाड्याने देऊन नव्यात जाणं: या प्रत्येक वेळी ही अट आड येऊ शकते. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. आधाराला आयएसओ या पॉलिसींचे प्रमाण नमुने बनवणाऱ्या संस्थेचा एचओ-३ हा सर्वांत प्रचलित नमुना घेतला आहे. तुमच्या कंपनीने त्यात बदल केलेले असू शकतात आणि राज्याचा कायदा त्याच्याही वर असतो, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या हातातल्या कागदाचा.

## टप्पा १: आधी पूर्ण पॉलिसी मिळवा

बहुतेकांकडे फक्त डिक्लेरेशन पेज असतं, म्हणजे नाव, पत्ता, रकमा आणि हप्ता. अट त्या पानावर नसते. कंपनीला ईमेल करून सर्व एन्डोर्समेंटसह (पॉलिसीत बदल करणारे जोडकागद) पॉलिसीची प्रमाणित प्रत मागा. नुकसान झाल्यानंतर मागितली तरी ती मिळण्याचा हक्क राहतो. कॅलिफोर्नियात क्लेम केलेल्याने मागणी केल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते.

प्रत आली की प्रत्येक पानाच्या तळाशी असलेला फॉर्म क्रमांक पाहा. ‘एचओ ०० ०३ ०५ ११’ यातले शेवटचे चार आकडे महिना आणि वर्ष सांगतात, म्हणजे ही मे २०११ची आवृत्ती. १९९१, २०००, २०११ आणि २०२२ या आवृत्त्यांत मुदती आणि व्याख्या बदलत गेल्या आहेत. इंटरनेटवर सापडलेला नमुना वाचून निष्कर्ष काढू नका.

तपासा: डिक्लेरेशन पेजवर जेवढे एन्डोर्समेंट क्रमांक छापले आहेत, तेवढे सगळे कागद प्रतीत आहेत का? एखादा गायब असेल तर तो पुन्हा मागा. वास्तव्याची व्याख्या बदलणारा कागद नेमका तोच असू शकतो.

## टप्पा २: चार जागा शोधून खुणा करा

एक, ‘रेसिडेन्स प्रेमायसेस’ची व्याख्या. एचओ-३मध्ये साधारण असं म्हटलेलं असतं: एका कुटुंबाचं असं घर जिथे तुम्ही राहता, किंवा दोन ते चार कुटुंबांची इमारत जिच्यातल्या किमान एका भागात तुम्ही राहता, आणि जे डिक्लेरेशनमध्ये दाखवलेलं आहे. ‘व्हेअर यू रिसाइड’ या तीन शब्दांवर सगळा वाद फिरतो. राहणं म्हणजे काय, हे अनेक पॉलिसी सांगतच नाहीत.

दोन, ‘यू’ आणि ‘इन्शुअर्ड’ कोण. ‘यू’ म्हणजे डिक्लेरेशनमध्ये नाव असलेली व्यक्ती आणि त्याच घरात राहणारा तिचा जोडीदार. ‘इन्शुअर्ड’मध्ये घरात राहणारे नातेवाईकही येतात. कॉलेजसाठी बाहेर राहणारा मुलगा किंवा मुलगी पूर्णवेळ विद्यार्थी असेल, जाण्यापूर्वी तुमच्याच घरात राहत असेल आणि वय २४च्या आत असेल, तर २००० नंतरच्या नमुन्यांत इन्शुअर्ड राहते. पदवी संपवून नोकरीला लागलेल्या मुलाला हे संरक्षण नाही. त्याने स्वतःच्या अपार्टमेंटसाठी एचओ-४, म्हणजे भाडेकरूची पॉलिसी, घ्यायला हवी.

तीन, रिकाम्या घराच्या मुदती. २००० पासूनच्या एचओ-३मध्ये घर सलग ६० दिवसांहून जास्त ‘व्हेकंट’ असेल तर मुद्दाम केलेली नासधूस आणि काचफूट यांची भरपाई मिळत नाही. १९९१च्या आवृत्तीत हीच मुदत ३० दिवस होती. कोर्टांच्या नेहमीच्या अर्थाने ‘व्हेकंट’ म्हणजे माणसं नाहीत आणि सामानही नाही, तर ‘अनऑक्युपाइड’ म्हणजे सामान आहे पण माणसं नाहीत. सोफा, पलंग, भांडी जागेवर ठेवून भारतात गेलात तर घर बहुधा अनऑक्युपाइड ठरतं. पण न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत दोन्ही शब्द एकत्र आहेत आणि ६० दिवसांनंतर दोन्ही स्थितींत संरक्षण थांबतं. तुमच्या कागदावर एकच शब्द आहे की दोन्ही, ते पाहा.

चार, एचओ ०६ ४८. ‘रेसिडेन्स प्रेमायसेस डेफिनिशन’ हे २०१५चं एन्डोर्समेंट आहे. त्यानुसार पॉलिसीचा कालावधी ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी तुम्ही तिथे राहत होता का, एवढंच पाहिलं जातं. हा कागद असेल तर वर्षाच्या मधे घर सोडलं तरी त्या कालावधीपुरते तुम्ही बऱ्याच चांगल्या स्थितीत असता.

सावधान: इथे एक मोठा खड्डा आहे. प्रत्येक नूतनीकरणाबरोबर नवा कालावधी सुरू होतो. मार्चमध्ये घर सोडलं, पॉलिसी जूनमध्ये आपोआप नूतनीकृत झाली आणि नोव्हेंबरमध्ये आग लागली, तर १ जूनला तुम्ही तिथे नव्हता. बँकेच्या एस्क्रो खात्यातून हप्ता गेला म्हणून पॉलिसी चालू आहे असं वाटतं, पण घरापुरतं संरक्षण संपलेलं असू शकतं.

## टप्पा ३: तुमची स्थिती नेमकी कोणती, ते ठरवा

व्हिसाचं वास्तव्य, आयकराचं वास्तव्य, गृहकर्जाची अट आणि पॉलिसीतलं राहणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकात बसलात म्हणून दुसऱ्यात बसता असं नाही. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या ठरावीक कर्जकागदांत ६० दिवसांत राहायला यायचं आणि किमान एक वर्ष राहायचं, अशी अट असते. ते एक वर्ष पूर्ण झालं की आता घर भाड्याने द्यायला मोकळे, असं अनेकजण समजतात. कर्जापुरतं ते खरं आहे. विमा कंपनीचा त्या एका वर्षाशी काहीही संबंध नाही.

क्लोजिंग झालं, राहायला गेलेला नाहीत. क्लोजिंग पितृपक्षाच्या तोंडावर किंवा चातुर्मासात होतं, वास्तुशांत झाल्याशिवाय राहायला जायचं नाही असं घरात ठरतं, आणि कुटुंब जुन्या अपार्टमेंटमध्येच राहतं. दरम्यान फ्लोअरिंग आणि किचनचं काम काढलं जातं, महिने वाढत जातात. मुहूर्त पाळायला काहीच हरकत नाही. पॉलिसी घेतानाच राहायला जाण्याची खरी तारीख लेखी कळवा आणि तोपर्यंत संरक्षण आहे का, याचं लेखी उत्तर घ्या. मोठं काम असेल तर बिल्डर्स रिस्क (बांधकाम चालू असलेल्या घराची) किंवा रिकाम्या घराची पॉलिसी मागा. अर्जावर ‘आता राहतो’ असं लिहून टाकणं सर्वांत घातक, कारण मग प्रश्न व्याख्येचा न राहता खोट्या माहितीचा होतो आणि कंपनी पॉलिसीच रद्द करू पाहते.

काही महिन्यांसाठी भारतात. सामान जागेवर, परतीचं तिकीट, बिलं चालू, दुसरीकडे कायमचं घर नाही: अशा वेळी बहुतेक ठिकाणी तुम्ही त्याच घराचे रहिवासी राहता. धोका वास्तव्यापेक्षा पाणी, थंडी आणि मुदतींचा आहे. त्यासाठी टप्पा ५ आहे. मात्र भारतातला मुक्काम दीड-दोन वर्षांचा झाला, मुलं पुण्याच्या शाळेत घातली, तर ही तात्पुरती अनुपस्थिती राहत नाही.

नोकरी दुसऱ्या राज्यात, कुटुंब जुन्या घरात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात बायको-मुलं आणि नवरा टेक्ससमध्ये डॅलसला भाड्याने, असं असेल तर पॉलिसी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. नाव फक्त नवऱ्याचं असेल तर कंपनीला म्हणता येतं की नाव असलेला माणूस तिथे राहत नाही, आणि पत्नी ‘त्याच घरात राहणारी जोडीदार’ आहे का यावरही वाद घालता येतो. उपाय सोपा आहे: दोघांनाही ‘नेम्ड इन्शुअर्ड’ करा. ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’ किंवा ‘ॲडिशनल इंटरेस्ट’ नव्हे. हे दर्जे वेगळे आहेत आणि फोनवर एजंट ते सहज मिसळतो. वेगळं राहू लागलेल्या किंवा घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या जोडप्यांनी हे त्याच आठवड्यात करावं.

आईवडिलांना किंवा भावाला राहायला घेतलेलं घर. मालक तुम्ही, राहतात ते. भाडं घेत नाही म्हणून फरक पडत नाही. ‘यू’ तिथे राहत नाही, एवढं पुरेसं आहे. इथे एचओ-३ चुकीची पॉलिसी आहे. तुमच्यासाठी डीपी-३ (मालक स्वतः राहत नसलेल्या घराची पॉलिसी) आणि राहणाऱ्यांच्या सामानासाठी एचओ-४ ही योग्य जोडी.

भाड्याने दिलेलं घर. वरचाच नियम. दोन ते चार कुटुंबांच्या इमारतीत तुम्ही स्वतः एका भागात राहत असाल तर एचओ-३ चालते. तो भाग सोडून बाहेर गेलात की नाही.

मालकाचं निधन, किंवा घर ट्रस्टच्या नावावर. निधनानंतर मृत व्यक्तीच्या कायदेशीर प्रतिनिधीला त्या घरापुरतं संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या शहरातला वारस तिथे राहत नसतो आणि पुढच्या नूतनीकरणाला प्रश्न उभा राहतो. अंत्यविधी उरकले की कंपनीला कळवणं यादीत वर ठेवा. लिव्हिंग ट्रस्टकडे घर वळवलं असेल तर ट्रस्ट एन्डोर्समेंट मागा. ट्रस्ट किंवा एलएलसी कुठे ‘राहत’ नाही, हा युक्तिवाद खरोखर केला जातो.

## टप्पा ४: बदल होण्यापूर्वी लेखी कळवा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कळवणं, मग नवी पॉलिसी किंवा एन्डोर्समेंट हातात येणं, मग घर सोडणं. भाडेकरू आत गेल्यावर फोन करण्यात अर्थ नाही.

ईमेलमध्ये पाच गोष्टी स्पष्ट लिहा: पॉलिसी क्रमांक, घर कोणत्या तारखेपासून सोडणार, त्यानंतर तिथे कोण राहणार, सामान राहणार की नाही, आणि परत येण्याची अपेक्षित तारीख. शेवटी एक थेट प्रश्न विचारा: या काळात घराचं संरक्षण सध्याच्या पॉलिसीत चालू राहतं का, नसेल तर कोणती पॉलिसी घ्यावी? ‘काही लागलं तर कळवा’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं.

ईमेल एजंटला आणि कंपनीला, दोघांनाही पाठवा. स्वतंत्र ब्रोकर अनेकदा कायद्याने तुमचा प्रतिनिधी धरला जातो, कंपनीचा नाही. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला कळलं, असं होत नाही. फोनवर बोललात तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा ईमेल करा.

एचओ-३ची डीपी-३ करताना चार गोष्टी मुद्दाम विचारा. लायबिलिटी (दुसऱ्याच्या इजेची किंवा नुकसानीची तुमच्यावर येणारी जबाबदारी) डीपी-३मध्ये मुळात नसते, वेगळी जोडावी लागते. सामानाची चोरीही मुळात नसते. तुमचं उरलेलं सामान किती रकमेचं धरलंय? घर राहण्याजोगं न राहिल्यास बुडालेलं भाडं मिळतं का? कॉन्डो असेल तर त्याच्या एचओ-६ पॉलिसीवर भाड्याने देण्याचं वेगळं एन्डोर्समेंट मिळतं, एचओ १७ ३३.

तपासा: अंब्रेला पॉलिसी (लायबिलिटीचं वरचं जादा संरक्षण) असेल तर तिच्या यादीतही नवी डीपी-३ नोंदवा. खालची पॉलिसी बदलली आणि अंब्रेलाला माहीत नसेल, तर मधे फट राहते.

## टप्पा ५: घर महिनाभराहून जास्त बंद ठेवताना

एचओ-३ची गोठण्याबाबतची अट अशी: घरात ऊब राखण्याची रास्त काळजी घ्या, नाहीतर पाणीपुरवठा बंद करून सगळी यंत्रणा रिकामी करा. अंशांचा आकडा त्यात नाही. कंपन्या साधारण ५५ अंश फॅरनहाइट सुचवतात, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस. न्यू जर्सी, मिशिगन किंवा इलिनॉयमध्ये हिवाळा असेल तर दोन्ही करा: ऊब चालू ठेवा आणि पाणी बंद करा.

1. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग सर्वांत वरच्या मजल्यावरचा आणि सर्वांत खालचा नळ उघडा, पाणी थांबेपर्यंत वाहू द्या, फ्लश टाक्या रिकाम्या करा.
2. वॉटर हीटर त्याच्या सूचनेनुसार बंद किंवा ‘व्हेकेशन’वर ठेवा. पाण्याविना चालू राहिलेला हीटर बिघडतो.
3. वॉशिंग मशीन, डिशवॉशर आणि फ्रिजच्या आइसमेकरची नळी बंद करा. गळती अनेकदा इथून सुरू होते.
4. घरात फायर स्प्रिंकलर असेल तर त्याचं पाणी बंद करू नका. अशा घरांना पॉलिसी पाणी आणि ऊब दोन्ही चालू ठेवायला सांगते.
5. शेजारी किंवा मित्राला दर आठवड्याला आत जाऊन फोटो पाठवायला सांगा. फोटोवर तारीख असतेच. ‘रास्त काळजी’चा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

सावधान: हळूहळू आठवडे-महिने झिरपलेल्या पाण्याची भरपाई बऱ्याच पॉलिसी नाकारतात. सिंकखालची गळती तीन महिन्यांनी सापडली, तर वास्तव्य सिद्ध करूनही क्लेम हरू शकतो.

पोस्टासाठी कायमचा पत्ताबदल भरू नका. होल्ड मेल जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. त्याहून जास्त काळासाठी तात्पुरतं फॉरवर्डिंग घ्या. ‘पर्मनंट’ या खुणेला पुढे वकील बोट लावतो.

## टप्पा ६: तारखांची फाइल

राहण्याचा पुरावा नुकसान झाल्यावर तयार होत नाही, तो आधीच साठत असतो. कंपनी काय मागते ते माहीत असेल तर फाइल तशी ठेवता येते: वीज, गॅस आणि पाण्याची बिलं, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीच्या विम्यावरचा पत्ता, टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-२, मुलांची शाळा, क्रेडिट कार्डाचा खर्च, ई-झेडपास किंवा तत्सम टोलच्या नोंदी, मोबाइलचे तपशील. आपल्या बाबतीत आणखी दोन: सीबीपी या अमेरिकी सीमा विभागाच्या संकेतस्थळावरचा आय-९४चा प्रवास इतिहास आणि पासपोर्टवरचे शिक्के.

बिल फक्त भरलेलं असून चालत नाही, वापर किती ते पाहिलं जातं. चार खोल्यांच्या घरात महिनाभर जेमतेम फ्रिजपुरती वीज लागली असेल तर ते बिल तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे.

अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरावा लागतो. तो भराच. पण डॅलसच्या पत्त्याचा एआर-११, टेक्ससचं लायसन्स आणि न्यू जर्सीच्या घरावर ‘इथेच राहतो’ म्हणणारी पॉलिसी, हे तिन्ही एकत्र टिकत नाहीत. राहत्या घरावरच्या मालमत्ता करातल्या होमस्टेड सवलतीचंही तसंच. सरकारला एक आणि विमा कंपनीला दुसरं सांगितलंत, तर कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते.

## टप्पा ७: नुकसान झाल्यावर

लगेच कळवा आणि पुढचं नुकसान थांबवा: पाणी बंद, छतावर ताडपत्री, फोटो, पावत्या. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. गडबड होते ती पहिल्या फोनवर. फोन रेकॉर्ड होत असतो आणि समोरचा सहज विचारतो, ‘सध्या तिथे कोणी राहत नाही ना?’ घाईत ‘नाही, आम्ही इंडियात आहोत’ असं उत्तर जातं. नोंद होते: घर रिकामं, मालक भारतात राहतात. पूर्ण उत्तर असं असायला हवं होतं: आम्ही इथेच राहतो, १२ डिसेंबरपासून प्रवासात आहोत, १० फेब्रुवारीला परत येणार, सामान घरातच आहे. दोन्ही उत्तरांत खोटं काहीच नाही. दुसऱ्यात तारखा आहेत.

जे खरं आहे तेच सांगा, ते पूर्ण सांगा. राहत नसाल तर राहतो म्हणू नका. लपवाछपवीच्या कलमाखाली एक खोटं विधान पूर्ण क्लेम बुडवू शकतं, अगदी जो भाग मिळण्यासारखा होता तोही.

‘रिझर्व्हेशन ऑफ राइट्स’ असं शीर्षक असलेलं पत्र आलं तर तो नकार नाही. कंपनी तपास करते आहे आणि नंतर नाकारण्याचा हक्क राखून आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यात ‘रेसिडेन्स प्रेमायसेस’चा उल्लेख असेल, तर पॉलिसीधारकांची बाजू घेणाऱ्या वकिलाशी बोलण्याची वेळ हीच. तुमच्या वतीने काम करणारा पब्लिक ॲडजस्टर नुकसानीची रक्कम मांडण्यात कुशल असतो. इथे वाद रकमेचा नाही, कायद्याचा आहे, म्हणून आधी वकील.

## टप्पा ८: प्रूफ ऑफ लॉस आणि शपथेवरची जबानी

कंपनीने मागणी केल्यापासून ६० दिवसांत सही केलेलं प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचं शपथेवरचं विवरण, द्यावं लागतं. आकडे पूर्ण झाले नसले तरी मुदतीत द्या, पुरवणी नंतर देता येईल असं त्यात लिहा.

कंपनी शपथेवरची जबानीही मागू शकते. तिथे कंपनीचा वकील आणि कोर्ट रिपोर्टर असतो. जायला नकार देणं म्हणजे पॉलिसीची अट मोडणं. इंग्रजीत अडखळणाऱ्या आईवडिलांची जबानी असेल तर दुभाषा आधीच मागा. मुलाने शेजारी बसून भाषांतर करू नये.

प्रश्न ठरलेले असतात: मागच्या सहा महिन्यांत किती रात्री तिथे झोपलात, कपडे कुठे होते, औषधं कुठे, जेवण कुठे बनायचं, परत येण्याचा बेत कोणाला सांगितला होता. आधी कॅलेंडर, तिकिटं आणि बँकेचे खर्च समोर ठेवून रात्रींचा तक्ता करा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर. अंदाजाने दिलेला आकडा टोलच्या नोंदीशी जुळला नाही की तुमचा बाकीचा शब्दही संशयात येतो. उतारा आला की ओळ न ओळ वाचा आणि चुका लेखी दुरुस्त करा.

## टप्पा ९: नकार आला तर त्याचे तुकडे पाडा

पत्रात कोणत्या कलमाचा आधार दिला आहे, त्यावर बोट ठेवा. ‘रिसाइड’, ‘व्हेकंट’, गोठण्याची अट आणि खोटी माहिती या चार वेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्येकीचं उत्तर वेगळं. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्याने अर्ध्या तक्रारी वाया जातात.

राज्य पाहा. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने २०१२मध्ये टॉवर इन्शुरन्सविरुद्धच्या खटल्यात म्हटलं, की घेतलेल्या घरात वाळवी निघाल्यामुळे दुरुस्ती चालू असताना आग लागली, अशा स्थितीत व्याख्या न दिलेला ‘राहणं’ हा शब्द संदिग्ध आहे, आणि खटला न चालवता कंपनीच्या बाजूने थेट निकाल द्यायला नकार दिला. याउलट मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने १९९५मध्ये फ्रँकेनमथ म्युच्युअलच्या खटल्यात तेच शब्द स्पष्ट ठरवले: प्रत्यक्ष राहायला हवं. तिथल्याच अपील कोर्टाने २०१०मध्ये ऑलस्टेटच्या खटल्यात, मुलांजवळ राहायला अपार्टमेंटमध्ये गेलेल्या स्त्रीच्या घराचे पाइप गोठून फुटले तेव्हा, परतण्याचा इरादा पुरेसा मानला नाही. इरादा न्यूयॉर्कमध्ये मांडण्याजोगा युक्तिवाद आहे, मिशिगनमध्ये जवळजवळ निरुपयोगी.

घर आणि सामान वेगळं करा. कव्हरेज ए म्हणजे घर ‘रेसिडेन्स प्रेमायसेस’शी बांधलेलं आहे. कव्हरेज सी म्हणजे सामान इन्शुअर्डचं असलं की जगात कुठेही धरलं जातं, असं एचओ-३ म्हणते. म्हणून घराचा क्लेम नाकारला तरी सामानाचा वेगळा मांडता येतो. बहुतेक लोक एकच पत्र वाचून दोन्ही सोडून देतात. सामान तुमच्या दुसऱ्या राहत्या घरातलं ठरलं तर १० टक्क्यांची मर्यादा लागू शकते, आणि दागिन्यांच्या चोरीला नेहमीची १,५०० डॉलरची मर्यादा आहेच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांचं सामान ‘पाहुण्यांचं’ म्हणून तुमच्या मागणीवरून धरलं जाऊ शकतं. ही मागणी तुम्हालाच करावी लागते.

बँकेला कळवा. नेहमीच्या मॉर्गेज कलमानुसार तुमचा क्लेम नाकारला तरी बँकेचा वैध क्लेम नाकारला जात नाही. बँकेला मिळालेली रक्कम कंपनी नंतर तुमच्याकडून मागू शकते, त्यामुळे हे फुकटचं नाही. तरी त्यामुळे घर लिलावाला जाण्यापासून वेळ मिळतो.

कंपनीला काय माहीत होतं ते दाखवा. तुम्ही बाहेर राहता हे लेखी कळूनही कंपनीने हप्ता घेतला असेल तर ते ईमेल पहिल्या पानावर लावा. मात्र अनेक कोर्टं मूळ नसलेलं संरक्षण अशा रीतीने निर्माण होऊ देत नाहीत. नुसता हप्ता स्वीकारला, एवढ्यावर विसंबू नका.

सावधान: ‘अप्रेझल’ (नुकसानीचं तटस्थ मूल्यमापन) मागून हा वाद सुटत नाही. ते फक्त रकमेसाठी असतं. त्यात बरेच महिने जाऊ शकतात आणि दाव्याची मुदत पळत राहते.

## टप्पा १०: मुदती, तक्रार, दावा

मुदत आधी मोजा. एचओ-३च्या २००० नंतरच्या नमुन्यांत दावा नुकसानीच्या तारखेपासून दोन वर्षांत करायचा असतो, १९९१च्या नमुन्यात एकाच वर्षात. राज्याचा कायदा ही मुदत बदलू शकतो. कॅलिफोर्नियात नेहमीची मुदत १२ महिने आहे, पण कळवल्यापासून लेखी नकारापर्यंतचा काळ त्यात मोजत नाहीत. ‘फेरविचार करा’ अशी पत्रं पाठवत बसल्याने मुदत सहसा थांबत नाही.

कंपनीच्याही मुदती असतात. कॅलिफोर्नियात क्लेम कळवल्यावर १५ दिवसांत पोच आणि पुरावा मिळाल्यावर ४० दिवसांत निर्णय. टेक्ससमध्ये १५ दिवसांत पोच आणि सगळे कागद मिळाल्यावर कामाच्या १५ दिवसांत होकार किंवा नकार. चुकलेल्या प्रत्येक मुदतीची नोंद ठेवा.

राज्याच्या इन्शुरन्स विभागाकडे तक्रार मोफत असते. न्यू जर्सीत तो डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स. तुम्ही तिथे राहत होता की नाही, हे तो ठरवणार नाही, पण कंपनीला लेखी कारणं द्यावी लागतात आणि तीच पुढे वकिलाला लागतात. तक्रारीत कलम, तारीख आणि जोडलेला कागद, एवढंच लिहा.

या सगळ्या काळात जळालेलं किंवा भिजलेलं घर विम्याविना ठेवू नका. जुनी कंपनी बहुधा नूतनीकरण करत नाही. मग बँक स्वतःची फोर्स-प्लेस्ड पॉलिसी लावते. ती महाग असते, बँकेचं हित सांभाळते, तुमचं सामान आणि लायबिलिटी त्यात नसते. रिकाम्या घराची पॉलिसी शोधायला नकाराचं पत्र आलं त्याच आठवड्यात सुरुवात करा, आणि नव्या अर्जावर घराची आजची स्थिती, कोण राहतं आणि आधीचा नाकारलेला क्लेम, तिन्ही जसंच्या तसं लिहा.